पस्तिशीला टेकल्यावर दातांना तारा? (अरुंद जबडा, दाटीवाटीचे दात, तीन डॉक्टर, तीन मतं)

निळीशाई

मंडळी, सल्ला हवाय. वय ३४, मुक्काम ठाणे. वरचा जबडा अरुंद, टाळू खोल, दोन्ही सुळे रांग सोडून वर चढलेले. खालचे पटाशीचे दात एकमेकांच्या अंगावर. डावीकडच्या दाढा उलट्या बसतात, म्हणजे वरच्या दाढा खालच्यांच्या आत जातात, त्यामुळे कित्येक वर्षं मी उजवीकडूनच चावते. हल्ली खालच्या दोन दातांच्या मध्ये ब्रश शिरत नाही आणि हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून हे प्रकरण मनावर घेतलं. लहानपणी तारा लावायच्या राहिल्या. तेव्हा घरात "दुधाचे पडले की होतील सरळ" असं मत होतं, आणि पुढे दहावी-बारावी आली.

तीन ठिकाणी दाखवलं.

पहिलं मॉलजवळचं चकचकीत क्लिनिक. तोंडात स्कॅनर फिरवला आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर माझेच दात सरकत सरकत सरळ होतानाची फिल्म दाखवली. पारदर्शक अलायनर (दातांवर चढवायचे, काढता-घालता येणारे प्लॅस्टिकचे साचे), आठ-नऊ महिने, आजच बुकिंग केलं तर सूट.

दुसरे वयस्कर ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबडे सरळ करणारे तज्ज्ञ. चार उपदाढा काढू, तारा लावू, दोन वर्षं धरून चाला म्हणाले. उलट्या दाढांचं विचारलं तर "ते बघू पुढे".

तिसऱ्या बाई तरुण आहेत. त्यांनी टाळूवर बोट फिरवलं आणि सांगितलं, दुखणं दातांचं कमी, हाडाचं जास्त. टाळूत स्क्रू बसवून जबडा रुंद करायचा प्रयत्न करू, नाही जमलं तर शस्त्रक्रिया. त्याआधी थ्रीडी स्कॅन काढून आणा.

खर्चाचे आकडे ६० हजारांपासून साडेतीन लाखांपर्यंत. सासूबाई म्हणतात या वयात कशाला हात लावायचा, आहेत ते घट्ट आहेत ना. मोठेपणी यातलं काही केलेलं कोणी आहे का इथे?

तिरकस

लग्न झालंय, नोकरी पक्की आहे. आता दात दाखवायचेत कोणाला? साडेतीन लाखांत काश्मीर, केरळ होऊन वर एक फ्रिज येईल.

निळीशाई

@तिरकस, फ्रिज आहे. त्यातलं चावायला दात हवेत.

रानवाट

वाचतेय. माझ्याही डाव्या बाजूचं असंच आहे.

दंतकथा

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे. न तपासता कोणाला काय करा हे सांगणार नाही, पण तुमच्या तीन मतांमध्ये गुंता कुठे आहे ते सांगता येईल.

तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, दातांना जागा कमी पडतेय. दोन, वरचा जबडा खालच्याच्या मानाने अरुंद आहे. दुसऱ्या डॉक्टरांचा उपाय पहिल्या प्रश्नाचा आहे. पहिली उपदाढ काढली की साधारण ७ मिलिमीटर जागा मिळते, दोन्ही बाजूंची धरली तर एका जबड्यात १४. तेवढ्यात सुळे खाली येऊन रांगेत बसतात. हा जुना, खात्रीचा उपाय आहे आणि दात काढायचं म्हटलं की लगेच डॉक्टरांना खलनायक ठरवायचं कारण नाही. पण चार काय, आठ दात काढले तरी टाळू रुंद होत नाही. उलट्या बसलेल्या दाढा तशाच राहतात, किंवा त्यांना बाहेरच्या बाजूला कलंडवून झाकपाक केली जाते.

आता 'अरुंद' कशाने, हे आधी ठरवावं लागतं. कधी हाड पुरेसं रुंद असतं आणि फक्त दाढा आत झुकलेल्या असतात. मग तारांनी, अगदी अलायनरनेही त्या उभ्या करता येतात. कधी दाढा सरळ किंवा आधीच बाहेर झुकलेल्या असतात आणि तरी उलट्या बसतात. तिथे हाडच अरुंद. वरच्या पहिल्या कायमच्या दाढांमधलं टाळूच्या बाजूचं अंतर मोठ्या माणसात साधारण ३५ ते ३९ मिलिमीटर असतं. ३१च्या खाली गेलं की आम्ही कान टवकारतो. पण एका आकड्यावर निदान होत नाही. दातांचे साचे, एक्स-रे आणि चेहरा सगळं समोर ठेवूनच ते ठरतं.

वरचा जबडा डावा-उजवा अशा दोन हाडांचा असतो आणि टाळूच्या मधोमध त्यांची सांध असते. लहानपणी ती मोकळी असते, वाढत्या वयात करवतीच्या दात्यांसारखी एकमेकांत अडकत जाते आणि शेवटी हाडाने भरून येते. म्हणून नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या टाळूला नुसता चावीचा स्क्रू लावला तरी जबडा रुंद होतो. ही युक्ती नवीन नाही बरं का. सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजेल यांनी ती १८६० साली छापून जाहीर केली होती आणि तेव्हाच्या बऱ्याच दंतवैद्यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता.

तोच दाढांना अडकवलेला स्क्रू ३४व्या वर्षी फिरवला तर सांध उघडेलच असं नाही. जोर दाढांवर येतो, त्या गालाकडे कलंडतात, तिथलं पातळ हाड झिजतं, हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. म्हणून मोठ्यांमध्ये दोन वाटा उरतात. टाळूच्या हाडात छोटे स्क्रू बसवून जोर थेट हाडावर द्यायचा, त्याला मार्पे म्हणतात. नाहीतर शस्त्रक्रियेने जबड्याचा अडसर सैल करून मग रुंद करायचा, ते सार्पे. तिसऱ्या डॉक्टर या दोन्हींबद्दल बोलतायत.

सांध कितपत जुळलीय हे वयावरून सांगता येत नाही. सीबीसीटी म्हणजे तो थ्रीडी स्कॅन. त्यात सांधेच्या ए (मोकळी) ते ई (पूर्ण मिटलेली) अशा पाच पायऱ्या ओळखतात, ही पद्धत २०१३ पासून वापरात आहे. तिशीतल्या एखाद्याची सांध अजून उघडण्याजोगी असते, तर विशीतल्या दुसऱ्याची पक्की मिटलेली. अर्थात स्कॅन वाचणाऱ्या दोघांचं सी की डी यावर मतभेद होऊ शकतो, तेव्हा तोही ब्रह्मवाक्य समजू नका.

एक राहिलंच. खालच्या जबड्याची मधली सांध वयाच्या पहिल्या वर्षातच भरून येते. त्यामुळे "दोन्ही जबडे रुंद करून देतो" असं कोणी म्हणालं तर खाली फक्त दात कलंडणार आहेत, हाड नाही, हे समजून घ्या.

पारध्याचा_टोला

वाचनखूण साठवली आहे. आमच्या डॉक्टरांनी दोन वर्षांत याच्या निम्मंही सांगितलं नव्हतं.

सह्यवारा

सार्पे झालेला माणूस हजर आहे. वय तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर. माझी सांध पक्की मिटलेली होती, त्यामुळे टाळूतल्या स्क्रूचा प्रयत्नही न करता थेट शस्त्रक्रिया ठरली.

ही दातांच्या खुर्चीत होत नाही. हॉस्पिटलात दाखल व्हायचं, पूर्ण भूल, आणि करणारे ओरल-मॅक्सिलोफेशियल, म्हणजे तोंड-जबड्याचे सर्जन. काप सगळे ओठाच्या आतून, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण नाही. शुद्धीवर आलो तेव्हा नाक चोंदलेलं आणि गाल असे सुजलेले की बायकोने फोटो काढू दिला नाही. पहिले काही दिवस नाक शिंकरायचं नाही अशी सक्त ताकीद होती. पातळ खिचडी, ताक, नाचणीची आंबील यावर दिवस काढले. दुखण्यापेक्षा भुकेनेच जास्त हैराण केलं, खरं सांगायचं तर.

आठवडाभराने चावी फिरवायला सुरुवात. बारीक तारेची चावी असते, टाळूतल्या स्क्रूच्या भोकात घालून पुढून मागे ढकलायची. ते काम बायकोकडे होतं. मी तोंड वासून दिव्याखाली, ती मोबाईलचा टॉर्च घेऊन, आणि मुलगा शेजारी उभा राहून "बाबा, अजून मोठा आ". नाकाच्या मुळाशी आणि डोळ्यांच्या मध्ये दाब जाणवतो, सणक नसते. मग एके सकाळी आरशात पाहिलं तर पुढच्या दोन दातांत फट. ती रोज वाढते. डॉक्टर आनंदाने म्हणतात "छान, उघडलं!" आणि आपण ऑफिसच्या कॉलवर 'सशक्त' म्हणताना शिट्टी वाजवतो. चावी थांबली तरी स्क्रूचा तो सांगाडा कित्येक महिने तोंडात तसाच ठेवतात, मधली जागा हाडाने भरेपर्यंत. नंतर तारा आल्याच. फट तारांनीच बंद झाली.

आज दोन्हीकडून चावतो. वरच्या ओठामागच्या हिरडीला बधिरपणा बरेच महिने होता, तो हळूहळू गेला. विम्याचं म्हणाल तर कंपनीने आधी 'कॉस्मेटिक' म्हणून दावा फेटाळला. सर्जननी चावण्याची अडचण आणि जबड्याचं व्यंग स्पष्ट लिहून दिल्यावर हॉस्पिटलचा काही भाग मिळाला, तारांचा एक रुपया नाही. पॉलिसीत दातांच्या उपचारांबद्दल काय लिहिलंय ते दाखल व्हायच्या आधी वाचा आणि पूर्वमंजुरी लेखी घ्या.

लिंबूटिंबू

वय २२. यूट्यूबवर जीभ टाळूला चिकटवून ठेवायचा व्यायाम आहे, म्यूइंग म्हणतात. त्याने जबडा रुंद होतो आणि जॉलाइन पण येते. स्क्रू-बिक्रू कशाला?

तिरकस

मी तर तीस वर्षं जीभ आवरून बसलोय. जबडा आहे तेवढाच आहे.

दंतकथा

@लिंबूटिंबू, जीभ टाळूला टेकवून, ओठ मिटून, नाकाने श्वास घेणं ही चांगलीच सवय आहे. वाढत्या वयातल्या मुलांमध्ये तोंडाने श्वास घेणं, अंगठा चोखणं, वाढलेल्या अ‍ॅडिनॉइड्स (नाकामागच्या गाठी) यांचा टाळूच्या घडणीशी संबंध असू शकतो, म्हणून लहानांच्या बाबतीत आम्ही त्याकडे लक्ष देतो. पण तुमच्या वयाला जिभेने हाडाची सांध उघडते याला पुरावा नाही. व्हिडिओतले आधी-नंतरचे फोटो नीट बघा. हनुवटीचा कोन आणि प्रकाश बदललेला दिसेल.

काकडआरती

मी ५२ वर्षांची. निळीशाई, सासूबाईंना माझं उदाहरण सांगा.

माझा जबडा तुमच्याइतका अरुंद नव्हता. पण पन्नाशीनंतर पुढचे दात पंख्यासारखे पसरायला लागले. कारण हिरड्यांचा आजार, खालचं हाड झिजलेलं. मी तारांसाठी गेले आणि ऑर्थोवाल्या डॉक्टरांनी मला हात लावायला साफ नकार दिला. आधी हिरड्यांच्या डॉक्टरांकडे जा म्हणाल्या. खोलवर सफाई, घरी रोज दातांच्या फटींतून बारीक ब्रश, तीन-तीन महिन्यांनी तपासणी. रक्त येणं थांबलं, मोजमाप स्थिर झालं, तेव्हा कुठे अलायनर. तुमच्याही हिरड्यांतून रक्त येतं म्हणता, तर तीनपैकी कोणी हिरडीत सळई घालून खोली मोजली का? नसेल मोजली तर चौथीकडे जा.

आता अलायनरचं रोजचं. दिवसात बावीस तास तोंडात हवेत. म्हणजे जेवायला, चहाला काढायचे, चूळ भरून किंवा ब्रश करून पुन्हा घालायचे. चहा दिवसातून पाचदा पिणाऱ्या बाईला हे जमत नाही. माझा चहा दोनवर आला, तेवढाच फायदा. हळदीकुंकवाला गेलं की अलायनर काढून डबीत, आणि डबी विसरायची नाही. कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेला एक सेट मी कचऱ्यात घालवलाय. दातांवर पांढऱ्या चिकट गोळ्या बसवतात, त्या नसल्या तर अलायनरची पकड येत नाही. आणि दात सरळ झाल्यावर दोन दातांच्या मध्ये हिरडीजवळ काळे त्रिकोण दिसतात, कारण झिजलेली हिरडी परत वर चढत नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मिसळप्रेमी_कोल्हापूर

दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट (तार अडकवायला दातांवर चिकटवतात ते) लावले होते, दिसू नयेत म्हणून. ब्रॅकेट दिसत नाहीत, पण त्यांच्यावरची रबराची कडी तांबड्या रश्श्याने दोन दिवसांत पिवळीजर्द. पांढऱ्या रश्श्यावर महिना काढला. मग डॉक्टरनी राखाडी कड्या टाकल्या.

दंतकथा

हळदीवर अजून औषध निघालेलं नाही. स्टीलचे ब्रॅकेट आणि गडद कड्या हाच शहाणपणा. किंवा कडी न लागणारे, स्वतःचं झाकण असलेले ब्रॅकेट. पण ते 'आपोआप जबडा रुंद करतात, दात काढावे लागत नाहीत' अशी जाहिरात दिसली तर सोडून द्या. तार तीच, हाडही तेच.

@काकडआरती यांचा मुद्दा सगळ्यात आधी यायला हवा होता. मोठ्यांच्या उपचारात हिरड्या पहिल्या. सूज असताना दात हलवले तर हाड वेगाने जातं. हाड कमी असूनही हिरडी निरोगी असेल तर हलक्या जोराने दात हलवता येतात. तंबाखू, मिश्री, ताब्यात नसलेला मधुमेह, हे सगळं पहिल्या भेटीत सांगा. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर तेही न विसरता सांगा, कारण त्यातल्या काही औषधांनी दात सरकणं मंदावतं आणि दात काढल्यावर जखम भरायला त्रास होऊ शकतो.

त्या फिल्मबद्दलही बोलतो. तोंडातल्या स्कॅनरला दातांचा दिसणारा भाग आणि हिरडी कळते. मूळ किती लांब आहे, त्याच्या बाहेर हाड किती उरलंय, हे कळत नाही. स्क्रीनवर दात कुठेही नेता येतो. अलायनर चांगलं साधन आहे, मीही वापरतो. जागा थोडी कमी असेल तर दातांच्या कडा किंचित घासून, दोन दातांत मिळून जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर, काम भागतं. पण हाडाचा अरुंदपणा आणि रांगेबाहेरचे उंच सुळे आठ महिन्यांत, तेही दात न काढता, असं कोणी म्हणालं तर मी विचारेन की जागा आणणार कुठून?

मुक्काम_म्युनिक

इथलं थोडं. जर्मनीत सरकारी आरोग्य विमा अठरा वर्षांपुढच्यांच्या तारांचे पैसे देत नाही. जबड्याचं व्यंग इतकं गंभीर असेल की शस्त्रक्रिया आणि तारा दोन्ही लागतात, तरच देतो. त्यामुळे आमच्या मराठी मंडळात दर गणपतीत एकजण तरी "सुट्टीत पुण्याला जाऊन करून येतो" म्हणतो.

तार असेल तर हे जमणारं नाही. चार ते सहा आठवड्यांनी दाखवावं लागतं, ब्रॅकेट निघालं की मधेच जावं लागतं, आणि दुसऱ्याने अर्ध्यावर सोडलेली केस इथले डॉक्टर सहसा घेत नाहीत. आणि डॉक्टरचं तोंड न बघता घरपोच अलायनर मागवणाऱ्यांसाठी: अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब २०२३च्या डिसेंबरात बंद पडली. ज्यांचे उपचार अर्धवट होते ते तसेच लटकले.

बाराखडी

पैशांचा प्रश्न असेल तर शासकीय दंत महाविद्यालयं विसरू नका. मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारातलं, मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. गोव्यात बांबोळीचं. एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च खासगीच्या मानाने फारच कमी. रांगा मोठ्या, सकाळचा वेळ मोडतो, कामावरून रजा काढावी लागते. एमडीएस तीन वर्षांचं असतं, म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे केस लागेल असं बघा. माझ्या तारा अर्ध्यात असताना विद्यार्थिनी पास होऊन गेली. नव्याने सगळं समजून घेईपर्यंत मधे बराच काळ काहीच हललं नाही. तरी शेवट चांगला झाला.

आणि एक. गल्लीतल्या दवाखान्यात "आमच्याकडे पण तारा लावतात" म्हणतात, तिथे विचारा की लावणार कोण? बऱ्याच ठिकाणी ऑर्थोचे डॉक्टर महिन्यातून एक-दोनदा बाहेरून येतात. त्यात वाईट काही नाही, पण तुमची तार मंगळवारी टोचायला लागली तर रविवारपर्यंत मेण लावून बसावं लागतं.

रानवाट

मला घोरण्याबद्दल विचारायचंय. जबडा रुंद केला की घोरणं जातं असं वाचलं. नवऱ्यासाठी विचारतेय.

दंतकथा

टाळू म्हणजे नाकाची जमीन. ती रुंद झाली की नाकातून हवा सुलभ जाते, हे बऱ्याच रुग्णांना जाणवतं. पण घोरण्यामागे झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे का हे रात्रभराच्या झोपतपासणीनेच कळतं. तो असेल तर त्यावरचे ठरलेले उपचार आधी. निव्वळ घोरण्यासाठी टाळूत स्क्रू बसवा असं मी कोणाला सांगणार नाही. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.

निळीशाई

सगळ्यांचे आभार, पुढची हकिकत सांगते.

हिरड्यांची खोली तीनपैकी एकाही ठिकाणी मोजली नव्हती. मोजून घेतली. खालच्या पुढच्या दातांजवळ सूज आहे, हाड थोडं कमी झालंय, पण आटोक्यात. दोन बैठकांत सफाई होणार.

सीबीसीटी काढला. तिसऱ्या डॉक्टरांनी स्क्रीनवर टाळूचा आडवा छेद लावून दाखवला. मधली रेघ पुढच्या भागात दिसते, मागे जाता जाता पुसट होते. त्यांच्या मते पायरी सी, मागच्या बाजूला डीकडे झुकणारी. वरच्या दाढा आधीच गालाकडे कललेल्या आहेत, म्हणजे दात कलंडवून काम होणार नाही. मी विचारलं, मार्पे जमेल याची किती खात्री? त्या म्हणाल्या, आकडा देणार नाही. स्क्रू हाडाच्या दोन्ही थरांत, म्हणजे टाळू आणि नाकाच्या जमिनीपर्यंत, नीट बसले तर प्रयत्न करण्यासारखा आहे. पुढच्या दातांत फट पडली तर उघडलं, ठरलेल्या वेळात नाही पडली तर मी चावी थांबवणार, जोर करत बसणार नाही. मग एकतर सार्पे, नाहीतर अरुंदपणा तसाच ठेवून फक्त दाटीवर उपाय. हे उत्तर मला आवडलं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे स्कॅन घेऊन पुन्हा गेले. ते प्रामाणिक निघाले. म्हणाले, उलट्या दाढा माझ्या योजनेत राहतील, पण दोन्ही बाजूंच्या दाढा एकमेकींवर टेकतात, झीज फार नाही, तर राहू देणं हाही पर्याय आहे. त्यांचंही खोटं नाही. पहिल्या क्लिनिकमधून सूट संपत आल्याचे मेसेज येतायत.

तिरकस

फ्रिजवर पण तशीच सूट चालू आहे. (गंभीरपणे: तुमचा प्रश्न मी हसण्यावारी नेला होता, पण धागा वाचून बहिणीला पाठवला. तिच्या मुलीचं वय नऊ आहे.)

दंतकथा

@तिरकस, उत्तम केलंत. सात-आठ वर्षांच्या सुमारास एकदा तरी ऑर्थोडॉन्टिस्टकडे दाखवावं. नऊ वर्षांच्या मुलीची दाढ उलटी असेल तर जे काम मावशीच्या वयाला स्कॅन, स्क्रू आणि कदाचित भूल देऊन होतं, ते तिचं साध्या चावीने होईल.

@निळीशाई, दोन्ही रस्ते वैद्यकीयदृष्ट्या चालण्यासारखे आहेत. मार्पे घेतलंत तर टाळूला जवळपास चिकटलेल्या त्या सांगाड्याखाली अन्न अडकतं. पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र घ्या, नुसत्या चुळीने भागत नाही. फुगलेली हिरडी स्क्रूवर चढली की तो काढताना त्रास होतो. चावी फिरवताना फट पडायच्या आधीच एकाच बाजूला दुखायला लागलं किंवा स्क्रू हलतोय असं वाटलं तर फिरवणं थांबवून फोन करायचा. आणि रुंद झाल्यावर दाटी किती उरते ते बघूनच दात काढायचे की नाही हे ठरवा. आधी काढून ठेवू नका.

सह्यवारा

फट पडल्यावर फोटो टाका. मला काढू दिला नव्हता.

पारध्याचा_टोला

रिटेनरबद्दल, म्हणजे तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याबद्दल, कोणीच बोललं नाही. माझ्या तारा कॉलेजात निघाल्या, रिटेनर सहा महिन्यांनी कपाटात गेला, आता खालचे दात पुन्हा जैसे थे. किती वर्षं घालायचा असतो?

दंतकथा

दात सरळ ठेवायचे आहेत तोवर. सुरुवातीला दिवसरात्र, नंतर रोज रात्री. खालच्या पटाशीच्या दातांना मागून बारीक तार चिकटवून घेणं सोयीचं, पण तिथे कीटण साचतं, तेव्हा सहा महिन्यांनी सफाई लागतेच. जबडा रुंद केलेल्यांनी तर अजिबात हयगय करू नये. कपाटातला जुना रिटेनर आता जोर लावून बसवू नका. दात हललेत, तो त्यांना नको तिथे ढकलेल. नवा साचा घ्या.

निळीशाई

सफाईची पहिली बैठक झाली. घरी वापरायला फटींचा ब्रश दिलाय, पण खालच्या दोन दातांत तो जातच नाही. काय करू?

काकडआरती

सगळ्यात बारीक मापाचा मागून घ्या. तोही गेला नाही तर जोर करू नका, तेवढ्या फटीला दोरा वापरा. पहिले आठ-दहा दिवस रक्त येईल, घाबरून थांबू नका. दोन आठवड्यांनी येत राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.